रुपयाचें मोल आणि कुळाची जमीन

चलन आणि बँका हा विषय निघाला म्हणजे सामान्य सुशिक्षित मनुष्य जरा मागें सरतो. हा विषय सराफांचा, व्यापाऱ्यांचा, फार तर अर्थमंत्र्यांचा, आपला संबंध पगाराच्या दिवसाशीं आणि वाण्याच्या बिलाशीं, अशी त्याची समजूत असते. आजच्या भाषणांत मला जें सांगावयाचें आहे तें ह्या समजुतीच्या उलट आहे. पुणें जिल्ह्याच्या गेल्या दोनशें वर्षांच्या इतिहासाकडे पाहिलें, तर जमीन कोणाकडे राहिली आणि कोणाच्या हातून गेली, ह्याचा निकाल पावसानें आणि नांगरानें जितका लावला, तितकाच तो रुपयाच्या मोलानें आणि पतीच्या व्यवस्थेनें लावला आहे, असें दिसून येतें.

पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यांत, पिरंगुटजवळ उरवडे नांवाचें एक गांव आहे. आज त्याच्या परिसरांत कारखाने उभे आहेत. परंतु हा प्रदेश मूळचा मावळचा, डोंगरउताराचा आणि भातखाचरांचा. ह्या गांवाचें दप्तर आपणांसमोर उलगडावें असा माझा हेतु नाहीं. उरवड्यासारख्या गांवांतील एक शेतकरी आपण कल्पनेनें डोळ्यांपुढें ठेवूं, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या दारीं रुपया कोणत्या वाटेनें आला व कोणत्या वाटेनें गेला तें पाहूं.

आरंभीं एका साध्या गोष्टीचा उलगडा केला पाहिजे. पैशाचीं तीन कामें आपण सर्वच जाणतों: त्यानें वस्तु विकत घेतां येते, वस्तूची किंमत मोजतां येते, आणि आजची मिळकत उद्यांसाठीं राखून ठेवतां येते. परंतु पैशाचें चौथें एक काम आहे, व तें फारसें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पैसा हें कर्जाचें माप आहे. आज १०० रुपये कर्ज घेणारा मनुष्य पांच वर्षांनीं १०० रुपये आणि व्याज परत करण्याचें वचन देतो. परंतु पांच वर्षांनीं त्या १०० रुपयांस किती भात पडेल, हें त्याच्याही हातीं नसतें आणि सावकाराच्याही. कापडाचा गज वर्षागणिक लहानमोठा होऊं लागला तर बाजारांत केवढा गोंधळ माजेल! रुपयाचा गज मात्र नेहमींच लहानमोठा होत आलेला आहे, आणि त्याचा पहिला फटका बसतो तो ज्याचें देणें रुपयांत आणि मिळकत धान्यांत आहे त्याला.

पेशवाईच्या काळीं पुणें प्रांतांत एकच एक रुपया नव्हता. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे अनेक रुपये चालत. चिंचवडास टांकसाळ होती. आणि एका जातीचा रुपया दुसऱ्या जातीच्या रुपयांत बदलतांना सराफ बट्टा घेत असे. ही व्यवस्था गुंतागुंतीची होती हें खरें. तथापि शेतकऱ्याच्या दृष्टीनें तींत एक गोष्ट महत्त्वाची होती. सरकारच्या वसुलाची जबाबदारी बव्हंशीं एकेका कुळावर नसून सबंध गांवावर असे. वर्ष वाईट गेलें तर पाटील आणि कमाविसदार ह्यांच्यांत घासाघीस होई, कांहीं सूट मिळे, कांहीं बाकी पुढें ढकलली जाई. सावकार त्या काळींही होता, त्याचें व्याजही जबर होतें. परंतु कुळाची जमीन लिलावांत काढून आपल्या नांवावर करून घेण्याचें साधन त्याच्या हातीं सहसा नव्हतें.

१८१८ मध्यें पेशवाई बुडाली. ह्या घटनेचा राजकीय अर्थ आपण शाळेंत शिकतों. तिचा आर्थिक अर्थ असा कीं, पुणें शहरांत दरबार, फौज, सरदारांचे वाडे आणि त्यांच्या आश्रयानें जगणारे कारागीर ह्यांच्यावर होणारा खर्च एकदम आटला. खर्च आटला म्हणजे धान्यास गिऱ्हाईक राहत नाहीं, आणि गिऱ्हाईक नाहीं म्हणजे भाव उतरतात. हेंच तत्त्व आज समग्र अर्थव्यवस्थेचें शास्त्र पहिल्या धड्यांत शिकवितें: एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते, आणि सर्वांचा खर्च एकदम घटला तर कष्ट करणाऱ्याचा कांहींही दोष नसतां त्याची मिळकत बुडते.

नेमक्या ह्याच काळांत कंपनी सरकारनें नवी जमाबंदी बसविली. पुणें जिल्ह्यांत प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें जी पहिली मोजणी केली, तिच्या मुळाशीं रिकार्डो ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा भूमिखंडाचा सिद्धांत होता. जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचे शेंकडा ५५ सरकारनें घ्यावेत असें ठरलें. कागदावर हा हिशेब अत्यंत शास्त्रशुद्ध होता. प्रत्यक्षांत भाव उतरत असतां तो रयतेस झेपेना, आणि पुष्कळांनीं जमिनी टाकून दिल्या. पुढें १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनीं इंदापुरापासून आरंभ करून हलक्या दराची, ३० वर्षांच्या मुदतीची नवी पद्धति लागू केली. मात्र दोन गोष्टी कायम राहिल्या: सारा प्रत्येक खातेदारानें स्वतंत्रपणें भरावयाचा, आणि तो ठरलेल्या हप्त्यास नाण्यांतच भरावयाचा. १८३५ च्या कायद्यानें कंपनीचा १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया सर्वत्र प्रमाण मानण्यांत आला. अनेक रुपयांचा घोळ संपला; परंतु त्या एका रुपयावांचून आतां कोणाचें चालेनासें झालें.

आपल्या कल्पनेंतील उरवड्याच्या शेतकऱ्याचा हिशेब पाहा. आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतों. समजा, त्याच्या खाचरांत ४० मण भात पिकतें आणि त्याचा सारा २० रुपये आहे. भाताचा भाव मणास २ रुपये असेल तर १० मण विकून सारा भागतो आणि ३० मण घरांत राहतें. भाव १ रुपयावर आला, तर त्याच साऱ्यासाठीं २० मण भात विकावें लागतें. शेत तेंच, पाऊस तोच, श्रम तेच, साराही तोच. तरी घरांतील कोठार एकतृतीयांशानें रिकामें झालें. त्यांतून हप्त्याच्या दिवशीं सर्वच गांव भात विकावयास काढतें, म्हणून भाव आणखी पडतो. तेव्हां तो भात विकत नाहीं, सावकाराकडे जातो. अशा रीतीनें सरकार आणि रयत ह्यांच्यामध्यें सावकार उभा राहिला. सरकारचा वसूल त्याच्यामुळें वेळेवर होई, आणि म्हणून सरकारलाही तो हवासा होता.

अमेरिकेंतील अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर ह्यांनीं १९३३ मध्यें, जागतिक मंदीच्या ऐन भरांत, एक विचार मांडला. भाव पडूं लागले म्हणजे कर्जदार घाबरून माल विकूं लागतात. त्या विक्रीनें भाव अधिक पडतात. आणि परिणाम असा होतो कीं, लोक कर्ज जितकें फेडतात तितकें उरलेल्या कर्जाचें ओझें वाढत जातें. हा सिद्धांत आज जगभर शिकविला जातो. दख्खनच्या कुळानें तो शंभर वर्षें आधीं अनुभवानें जाणला होता.

१८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. बोरघाटांतून लोहमार्ग १८६३ मध्यें पुरा झाला, त्या कामावर हजारों मजुरांस रोख मजुरी मिळाली. कापसाबरोबर धान्याचेही भाव चढले. सावकारांनीं हात सैल केला, कारण जमिनीची किंमत वाढली होती व तिच्या तारणावर अधिक रक्कम देण्यांत धोका दिसत नव्हता. १८६५ मध्यें युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला, मुंबईंतील शेअरांचा फुगा फुटला, आणि जुनी बँक ऑफ बाँबे त्या तडाख्यांत बुडाली. १८६८ मध्यें त्याच नांवाची नवी बँक काढावी लागली. मुंबईच्या पेढ्यांचें दिवाळें हें शहराचें दुःख होतें. परंतु पैसा आखडला म्हणजे तो शहरांतून जिल्ह्यांत आणि जिल्ह्यांतून गांवांत क्रमानें आखडत जातो. सावकारालाही वरच्या पेढीचें देणें असतें. त्यानें कुळांकडे तगादा लावला.

त्यांत दोन गोष्टींची भर पडली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आंत फिर्याद करणें भाग झालें. हेतु असा कीं, जुन्या कर्जाचें भूत कुळाच्या मानेवर वर्षानुवर्षें बसूं नये. परिणाम उलट झाला. दर तीन वर्षांनीं सावकार नवा रोखा लिहून घेऊं लागला, आणि थकलेलें व्याज त्या रोख्यांत मुद्दल म्हणून नोंदलें जाऊं लागलें. दुसरी गोष्ट म्हणजे ३० वर्षांच्या जमाबंदीची मुदत १८६७ पासून संपूं लागली आणि तेजीच्या काळचे भाव जमेस धरून साऱ्यांत मोठी वाढ करण्यांत आली. सारा तेजीच्या भावाचा आणि मिळकत मंदीच्या भावाची, अशा कात्रींत कुणबी सांपडला.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील करडे गांवीं सावकारावर बहिष्कार पडला. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला, आणि तेथून दंगा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. ह्या दंग्याचें वैशिष्ट्य असें कीं, जमावास हवे होते ते प्राण नव्हेत आणि बहुतेक ठिकाणीं धनही नव्हे. त्याला हवे होते कर्जरोखे, वह्या, हुकुमनामे. सावकारानें ते मुकाट्यानें दिले तेथें सहसा अधिक उपद्रव झाला नाहीं. दिले नाहींत तेथें आग लागली. दंग्याचा जोर जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू भागांत होता; मावळांत तो त्या मानानें पोंचला नाहीं. परंतु ज्या कागदांवर पूर्वेच्या कुणब्यानें राग काढला, तसलेच कागद मावळांतही साठत होते.

सरकारनें चौकशी-मंडळ नेमलें, आणि १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांस लागू झाला. ह्या कायद्यानें न्यायाधीशास रोख्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार काय होता तें पाहण्याचा अधिकार दिला, कर्जापायीं कुळास तुरुंगांत टाकणें बंद केलें, आणि जमीन वांचविण्याच्या कांहीं वाटा काढल्या. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांनीं स्वतः ह्या कायद्याखालीं न्यायाधीश म्हणून काम केलें. त्या अनुभवांतून त्यांना जें दिसलें तें फार महत्त्वाचें आहे. कायद्यानें सावकाराचा हात धरला, पण कुळास दुसरा हात दिला नाहीं. बी, बैल आणि सारा ह्यांसाठीं लागणारा पैसा तर लागतच होता. तेव्हां सावकार रहाणखताऐवजीं सरळ खरेदीखत लिहून घेऊं लागला, आणि कर्ज फिटल्यावर जमीन परत देण्याचें वचन तोंडीं राहूं लागलें. रहाणखताची चौकशी न्यायाधीश करी. खरेदीखत मात्र खरेदीखतच दिसे. कुळ पूर्वीचेंच शेत कसत राहिलें, पण कागदावर तें दुसऱ्याचें झालें.

म्हणून रानड्यांनीं व मुंबई इलाख्यांतील सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न ह्यांनीं १८८२ च्या सुमारास एक योजना पुढें मांडली. पुरंदर तालुक्यांत प्रयोगादाखल एक शेतकी बँक काढावी. जुन्या कर्जांची तडजोड करून तीं एकदां सरकारी मदतीनें फेडून टाकावींत. आणि पुढें शेतकऱ्यास माफक व्याजानें बँकेनें कर्ज द्यावें. पुण्यांतील कांहीं भांडवलवालेही ह्यास अनुकूल होते. हिंदुस्थान सरकारनें योजना मान्य करून लंडनास पाठविली, आणि भारतमंत्र्यांनीं ती नामंजूर केली. ती बँक निघती तर काय झालें असतें ह्याचा तर्क करण्यांत अर्थ नाहीं. इतकेंच म्हणतां येईल कीं, सहकारी पतपेढ्यांचा कायदा होण्यास १९०४ साल उजाडावें लागलें, मुंबईची मध्यवर्ती सहकारी बँक १९११ मध्यें आणि पुणें जिल्ह्याची १९१७ मध्यें स्थापन झाली, आणि मधल्या वर्षांत पुष्कळ सातबारे फिरून गेले.

त्याचा परिणाम काय झाला हें मुळशी खोऱ्यानें १९२१ मध्यें पाहिलें. वीज उत्पन्न करण्यासाठीं टाटा कंपनीनें मुळा व निळा ह्या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावयाचें ठरविलें, आणि सुमारें पन्नास गांवांच्या जमिनीवर पाणी येणार असें झालें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, सुमारें १२०० सत्याग्रही धरणाच्या कामावर जाऊन बसले. सेनापति पांडुरंग महादेव बापट ह्यांचें नांव ह्या लढ्याशीं कायमचें जोडलें गेलें, आणि 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा झाली. उरवडें पाण्याखालीं गेलें नाहीं. परंतु त्याच तालुक्यांतील त्याचे सोयरे गेले.

ह्या सत्याग्रहाची वीरकथा आपणांस ठाऊक आहे. तिच्या आड दडलेली पैशाची कथा तितकी ठाऊक नाहीं. खोऱ्यांतील पुष्कळ जमीन त्या वेळीं पुण्यांतील सावकारांच्या नांवावर होती आणि मावळे ती कुळें म्हणून कसत होते. भूसंपादनाचा कायदा जमिनीचें रुपयांत रूपांतर करतो, आणि ते रुपये कागदावर ज्याचा हक्क त्याला देतो. तेव्हां मोबदल्याचा प्रश्न निघतांच एका लढ्याचे दोन पक्ष झाले. ज्याच्या लेखीं जमीन ही एक गुंतवलेली रक्कम होती, त्याला चांगला मोबदला म्हणजे रक्कम परत मिळणें होतें. तो तडजोडीस राजी झाला. ज्याच्या लेखीं तीच जमीन म्हणजे दरवर्षींचें भात होतें, त्याला मोबदल्याचा अर्थच नव्हता. पुष्कळदां तो मोबदला त्याच्या हातीं पडावयाचाही नव्हता. पन्नास वर्षांपूर्वीं साऱ्याच्या हप्त्यासाठीं काढलेल्या कर्जाचा शेवट असा धरणाच्या कांठीं झाला.

मुळशीचा लढा चालू होता त्याच वर्षांत लंडनमध्यें एक तरुण मराठी विद्वान् रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होता. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर ह्यांचा रुपयाच्या समस्येवरील ग्रंथ १९२३ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि १९२५ मध्यें त्यांनीं हिल्टन यंग ह्यांच्या चलनविषयक मंडळापुढें साक्ष दिली. पार्श्वभूमि अशी होती: १८९३ मध्यें सरकारनें लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देण्याचें बंद केलें, जेणेंकरून रुपयाचा पौंडाशीं असलेला भाव टिकावा. दादाभाई नवरोजींनीं तेव्हांच हरकत घेतली होती कीं, रुपया महाग करणें म्हणजे शेतकऱ्याचा सारा गुपचूप वाढविणें होय. त्यानंतरचा सारा वाद १ शिलिंग ४ पेन्स कीं १ शिलिंग ६ पेन्स ह्या हुंडणावळीभोंवतीं फिरत राहिला. आंबेडकरांनीं प्रश्नाचा रोखच बदलला. रुपयाचें परदेशांतील मोल स्थिर आहे कीं नाहीं, ह्याहून त्याचें देशांतील क्रयमोल स्थिर आहे कीं नाहीं, हें लोकांच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें आहे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. आणि रुपये हवे तितके पाडण्याचा सरकारचा अधिकार मर्यादित झाला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. परंतु १९२७ मध्यें कायदा झाला तो १ शिलिंग ६ पेन्स ह्या भावाचा. थोड्याच वर्षांत जागतिक मंदी आली, शेतमालाचे भाव निम्म्याच्या आसपास उतरले, आणि १९३१ नंतर घरोघरचें सोनें जहाजांत बसून विलायतेस जाऊं लागलें. सारा आणि व्याज भरण्यासाठीं बायकांच्या अंगावरचे दागिने मोडले गेले. आपल्या मावळी शेतकऱ्याचा १८३० सालचा हिशेब १९३० सालीं पुन्हां मांडला गेला.

आतां बँकेकडे वळूं. सावकार आणि बँक ह्यांत भेद केवळ व्याजाच्या दराचा आहे, असें पुष्कळ जण मानतात. खरा भेद त्याहून खोल आहे. सावकार आपल्या पेटींत असलेला पैसा देतो. दिला म्हणजे पेटी तेवढी रिकामी होते. बँकेचें तसें नाहीं. समजा, उरवड्याच्या शेतकऱ्यास बँकेनें पंप घेण्यासाठीं ५०,००० रुपये कर्ज मंजूर केलें. बँक काय करते? त्याच्या खात्यावर ५०,००० रुपये जमा लिहिते. तो ते पंपाच्या दुकानदारास देतो आणि दुकानदाराच्या खात्यावर ते जमा होतात. ह्या व्यवहारांत दुसऱ्या कोणाही ठेवीदाराची ठेव एका रुपयानेंही कमी झालेली नाहीं. ५०,००० रुपयांचा नवा पैसा निर्माण झाला, आणि कर्ज फिटेल तेव्हां तो नाहींसा होईल. आज आपण ज्याला पैसा म्हणतों त्याचा फार मोठा भाग टांकसाळींत किंवा नोटांच्या छापखान्यांत जन्मलेला नसून असा खतावणींत जन्मलेला आहे.

ही शक्ति अमर्याद नाहीं. बँकेपाशीं स्वतःचें पुरेसें भांडवल असलें पाहिजे, कर्जदार फेडणारा असला पाहिजे, ठेवीदार रोख मागावयास आले तर ती देतां आली पाहिजे, आणि मध्यवर्ती बँक कोणत्या दरानें तिला पैसा पुरविते हें पाहिलें पाहिजे. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजीं सुरू झाली ती ह्या शेवटच्या कामासाठीं. त्याच वर्षीं, १६ सप्टेंबर १९३५ रोजीं, पुण्यांत बँक ऑफ महाराष्ट्र नोंदली गेली आणि ८ फेब्रुवारी १९३६ रोजीं तिचा कारभार सुरू झाला. तिच्या संस्थापकांत फर्ग्युसन महाविद्यालयांतील अर्थशास्त्राचे प्राध्यापक वामन गोविंद काळे होते. पुण्यांतील मध्यम वर्गाची बचत मराठी मुलखांतील उद्योगांच्या कामीं यावी, ही त्यामागील दृष्टि होती.

परंतु बँका निघाल्या म्हणजे त्यांचें दार सर्वांस उघडें झालें असें नव्हे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ज्या समितींत होते, त्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ मध्यें प्रसिद्ध झाला. १९५१-५२ सालीं शेतकऱ्यांनीं जें कर्ज घेतलें, त्यापैकीं शेंकडा ७० च्या आसपास सावकारांकडून आलेलें होतें. सहकारी संस्थांचा वाटा शेंकडा ३.१ आणि व्यापारी बँकांचा शेंकडा ०.९. सहकाराच्या कायद्यास पन्नास वर्षें होत आलीं असतां ही स्थिति! ह्या अहवालानंतर १९५५ मध्यें स्टेट बँक झाली. १९ जुलै १९६९ रोजीं १४ मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें, त्यांत बँक ऑफ महाराष्ट्रही होती. आणि खेड्यापाड्यांत बँकांच्या शाखा निघूं लागल्या. १९८१ च्या पाहणींत शेतकऱ्यांच्या कर्जापैकीं शेंकडा ६० हून अधिक भाग संस्थांचा झालेला आढळला. ह्या शाखांनीं अनेक कर्जें बुडविलीं, कांहीं दडपणाखालीं दिलीं, हें खरें आहे. परंतु रानड्यांनीं मागितलेला दुसरा हात ह्याच मार्गानें, पुष्कळ उशिरानें, कुळापर्यंत पोंचला.

ह्या इतिहासांतून जो बोध मला घ्यावासा वाटतो तो असा. चलनाच्या प्रश्नास दोन अंगें आहेत: रुपयाचें मोल स्थिर राहिलें पाहिजे, आणि रुपयापर्यंत पोंचण्याची सरळ वाट प्रत्येकास असली पाहिजे. आपल्याकडे ह्या दोहोंपैकीं एकाचा विचार करतांना दुसऱ्याचा विसर पडत आला. १८७९ च्या कायद्यानें सावकारीस आळा घातला, पण पडत्या भावांचा किंवा पर्यायी पतीचा विचार केला नाहीं. १८९३ पासून १९२७ पर्यंतच्या चलनविषयक मंडळांनीं हुंडणावळीचा काथ्याकूट केला, पण हप्त्याच्या दिवशीं कुळ कोणाकडे जातें हें पाहिलें नाहीं. अर्थशास्त्रांतही हीं दोन अंगें फार काळ वेगळीं राहिलीं. १९२९ नंतरच्या मंदींत अमेरिकेंतील हजारों बँका बुडाल्या. त्यामुळें केवळ चलन आटलें असें नव्हे, तर कोणास कर्ज द्यावें ह्याची बँकांनीं वर्षानुवर्षें जमविलेली माहितीही नष्ट झाली आणि म्हणून मंदी लांबली, असें बेन बर्नांकी ह्यांनीं १९८३ मध्यें दाखवून दिलें. त्यांना दोघां सहकाऱ्यांसह २०२२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. गांवचा सावकार कितीही कठोर असला तरी कोण फेडील आणि कोण फेडणार नाहीं हें त्याला ठाऊक असे; त्याला हटवून त्याची जागा रिकामी ठेवणें हा उपाय का फसला, हें त्या विचारानें चांगलें उमगतें.

२०१६ सालीं हीं दोन्हीं अंगें एकाच वर्षांत आपणांसमोर आलीं. त्या वर्षीं कायद्यांत दुरुस्ती होऊन भाववाढ शेंकडा ४ च्या आसपास, २ ते ६ ह्या मर्यादेंत, राखण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेवर सोंपविण्यांत आली आणि व्याजाचा दर ठरविण्यास सहा जणांची समिति नेमली गेली. आंबेडकरांनीं देशांतील क्रयमोलाचा जो आग्रह धरला होता, त्यास अशा प्रकारें नव्वद वर्षांनीं कायद्याचें रूप आलें. त्याच वर्षीं ८ नोव्हेंबर रोजीं ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. व्यवहारांतील चलनाचा किंमतीनें शेंकडा ८६ भाग एका रात्रींत बाद झाला, आणि कांहीं दिवसांतच जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांस जुन्या नोटा स्वीकारण्याची मनाई झाली. शहरांतील मनुष्य रांगेंत उभा राहिला; खेड्यांतील ज्या शेतकऱ्याचें खातें केवळ जिल्हा बँकेंत होतें, त्याला आपल्याच बँकेचें दार बंद आढळलें.

श्रोतेहो, घरासाठीं कर्ज काढतांना आपणांपैकीं प्रत्येक जण आज त्या मावळी शेतकऱ्याच्या जागीं उभा असतो. आपलें देणें रुपयांत ठरलेलें असतें, आणि पुढील वीस वर्षांत त्या रुपयास काय मोल राहील व आपली मिळकत काय असेल, हें आपणांस ठाऊक नसतें. भेद इतकाच कीं, आपणांस बँक आहे, न्यायालय आहे, व्याजाच्या दरावर उघड चर्चा करणारी समिति आहे, आणि त्या चर्चेचा वृत्तांत वर्तमानपत्रांत वाचावयास मिळतो. हें सर्व आपोआप आलेलें नाहीं. सुप्याच्या बाजारांत जळलेल्या वह्या, पुरंदरची न निघालेली बँक आणि मुळशीच्या पाण्याखालीं गेलेलीं खाचरें ही त्याची किंमत आहे. म्हणून रिझर्व्ह बँकेनें व्याजाचा दर पाव टक्क्यानें बदलल्याची बातमी आली, तर तिच्यावरून नजर सरकवूं नये. भाव स्थिर राहतील काय, आणि ह्या दरानें कर्ज कोणाच्या दारापर्यंत पोंचेल व कोणाच्या दाराशीं अडेल, हे दोन प्रश्न नागरिकानें प्रत्येक वेळीं विचारले पाहिजेत. उरवड्याच्या खाचरांत भात पिकविणाऱ्याला आणि पुण्याच्या सदनिकेंत हप्ते मोजणाऱ्याला ह्या दोन्हीं प्रश्नांचें उत्तर सारखेंच हवें आहे.